धावा आणि त्याची खातरजमा

संकटात सापडलेल्याने मदतीसाठी मारलेल्या हाकेला मराठी भक्तिपरंपरेत ‘धावा’ म्हणतात, आणि संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून परंपरेने मानले गेलेले नर्सी ज्या हिंगोली जिल्ह्यात आहे, तेथे हा शब्द घरोघरी परिचित आहे. देव अंतर्यामी मानला असल्याने त्याच्यापुढे खोटा धावा टिकत नाही. ११२ या आपत्कालीन क्रमांकावरील हाक ऐकणाऱ्या पोलिसापाशी मात्र केवळ शब्द असतो. ही हाक राज्यस्तरीय केंद्रातून जिल्हा नियंत्रण कक्षाकडे व तेथून गस्तीच्या वाहनाकडे सोपवली जाते, आणि या प्रवासात तिचा खरेखोटेपणा ठरवण्यास फारसा अवकाश नसतो.

येथे भारतीय प्रमाणशास्त्रातील जुना वाद जिवंत होतो. कुमारिल भट्टांच्या मीमांसेनुसार ज्ञान स्वतःप्रमाण असते, म्हणजे बाधक कारण दिसेपर्यंत ते खरेच धरावे. न्यायदर्शनाच्या अनुयायांच्या, म्हणजे नैयायिकांच्या मते ते परतःप्रमाण असते, म्हणजे त्यावर विसंबून केलेली कृती सफल झाली की त्याचे खरेपण सिद्ध होते. वाहन निघावे ते मीमांसकांच्या न्यायाने आणि नोंद मिटावी ती नैयायिकांच्या. हा क्रम उलटला, तर खरा पीडित चौकशीतच दगावेल.

जाणूनबुजून खोटी माहिती देऊन पोलिसांना कामास लावणे भारतीय न्याय संहितेच्या कलम २१७ खाली शिक्षापात्र ठरू शकते. तथापि अंधारात दोरीला साप समजणारा जसा भ्रमात असतो, खोटारडा नसतो, तसाच रस्त्याकडेला निजलेल्याला जखमी समजून फोन करणारा. खोडसाळ हाकेने मात्र हिंगोली जिल्ह्यातील सेनगाव वा कळमनुरीच्या एखाद्या वाडीवर जायचे वाहन भलतीकडेच अडकते.