उपकाराचे तास

‘फर्लो’ हा शब्द आपल्याकडे ऐकू येतो तो बहुधा तुरुंगाच्या संदर्भात. कैदी काही दिवस घरी येतो. पण घरी असूनही तो स्वतःचा नसतो. २०२० साली करोनाच्या साथीत ब्रिटनने हाच शब्द घरी बसवलेल्या लाखो नोकरदारांना लावला, आणि एक जुनाच प्रश्न नव्याने उभा राहिला : पगार देऊन रिकाम्या ठेवलेल्या माणसाच्या वेळेचा धनी कोण?

योजना उदार होती, यात शंका नाही. १ मार्च २०२० ते ३० सप्टेंबर २०२१ या काळात ती चालली. मालकाने माणूस काढून टाकू नये, घरी बसवावा. त्याला पगाराचे ८० टक्के, महिना २,५०० पौंडांपर्यंत, मिळावेत. आणि आरंभी तो भार सरकारने उचलावा. रजेच्या तासांत त्याने मालकासाठी कमाईचे काम करावयाचे नाही. शिकावयास मात्र मुभा. पण मालकाच्या सांगण्यावरून तो जितके तास शिकेल, त्या तासांना निदान किमान वेतन पडलेच पाहिजे.

ही अट वाचून पुष्कळांच्या कपाळाला आठ्या पडतील. घरबसल्या पगार, वर शिकण्याचेही पैसे! आपल्याकडे शिष्य गुरुदक्षिणा देतो. येथे शिष्यालाच दक्षिणा!

पण हिशेब करून पाहावा. एप्रिल २०२० पासून तेथे २५ वर्षांच्या व त्यावरील कामगाराचे किमान वेतन तासाला ८.७२ पौंड होते. त्या दराने आठवड्याला ४० तास राबणाऱ्याचे ८० टक्के म्हणजे २७९.०४ पौंड. त्यात ३२ तासांचे शिक्षण बरोबर बसते. तेहतिसाव्या तासापासून मालकाने पदरचे घालावयाचे. म्हणजे आठवड्यातून चार तास शिकणाऱ्याच्या हाती एक पेनीही जास्त पडणार नव्हती. मग कायद्याने एवढी दक्षता का घ्यावी?

मला वाटते, येथे प्रश्न पैशाचा नाहीच. गुरुदक्षिणा शोभते ती गुरू आपण निवडला असेल तर. येथे विषय दुसऱ्याचा, वेळ दुसऱ्याने नेमलेली, आणि विद्या वापरावयाची तीही दुसऱ्याच्या दुकानात. बंद यंत्राला तेल घालावयाचे, तर तेलाचे पैसे यंत्र देत नाही. शिकणाऱ्याचेही त्यात हित असते, हे खरे; पण हिताची गोष्ट फुकटच करून घ्यावी, असे त्यातून निघत नाही.

आपल्याकडील उदाहरण याहून बोलके आहे. औद्योगिक कलह कायद्यात १९५३ साली ले-ऑफची कलमे आली. काम नसलेल्या दिवशी कामगाराला मूळ वेतन व महागाई भत्ता यांचा निम्मा भाग मिळे; पण त्यासाठी त्याने रोज एकदा नेमलेल्या वेळी दारात हजर झाले पाहिजे. बदलीवाल्याला तर तेवढेही नव्हते. त्या हजेरीतून ना काम निघे, ना विद्या. माणूस अजून आपला आहे, एवढेच मालकाला कळे.

संकटात दिलेले अन्न हा उपकारच. तो विसरू नये. पण उपकाराची फेड तासांनी मागू लागले, की त्याची मजुरी होते. आणि मजुरी म्हटली की तिचा दर ठरवावाच लागतो. दर नको असेल, तर तो वेळ त्या माणसाला परत द्यावा. मग त्याने त्यात सतार शिकावी, नाहीतर स्वस्थ पडून राहावे.