पटावरचे शब्द

फ्रेंच स्क्रॅबलचे २०१५ सालचे विश्वविजेतेपद न्यूझीलंडच्या नायजेल रिचर्ड्सने पटकावले, तेव्हा त्याला फ्रेंच बोलता येत नव्हते. दोनेक महिन्यांत त्याने फ्रेंच शब्दांची यादी पाठ केली होती. २०२४ मध्ये स्पॅनिशचेही जेतेपद त्याने ती भाषा न येताच मिळवले. अर्थ न जाणता वेद घोकणाऱ्याची प्राचीन शब्दशास्त्रज्ञ यास्काने निरुक्तात भारवाहक म्हणून संभावना केली होती. रिचर्ड्स त्याच्या तावडीतून सुटला नसता.

पण दोष त्याला का द्यावा? हा खेळ मुळात हिशेबाचाच. महामंदीच्या काळात बेकार झालेल्या आल्फ्रेड बट्स या अमेरिकी वास्तुविशारदाने वर्तमानपत्रातली अक्षरे मोजली आणि त्यांच्या वापरावरून सोंगट्यांची संख्या व गुण ठरवले. क्यू एकच, त्याचे दहा गुण. एसच्या मात्र चारच सोंगट्या, नाहीतर जो तो अनेकवचने करून मोकळा झाला असता. या हिशेबात अर्थाला जागाच नव्हती.

त्यामुळे पट्टीवर क्यू आला आणि यू आला नाही, की खेळाडू 'ची' शोधतो. क्यू आणि आय, अकरा गुण. ही चिनी विचारातली प्राणशक्ती आहे हे त्याच्या गावीही नसते. 'झो' म्हणजे याक आणि गाय यांच्या संकरातले जनावर. ए आणि आय जोडून होणारा 'आ-ई' हा दक्षिण अमेरिकेतला तीन नखांचा, झाडाला लटकून राहणारा आळशी प्राणी (उच्चार ऐकून मराठी माणूस दचकेल). 'कूम' तर सी, डब्ल्यू, एम अशा तीन अक्षरांचा. स्वर कुठे, असे विचारू नका. वेल्श भाषेत डब्ल्यू हाच स्वर आहे. अर्थ, डोंगरातली वाटीसारखी दरी. ब्रिटिश गिर्यारोहक मॅलरीने १९२१ मध्ये एव्हरेस्टच्या कुशीतल्या दरीला हेच नाव दिले आणि आजही गिर्यारोहक त्या वेस्टर्न कूममधून वर चढतात.

आपल्याकडचा मालही या यादीत भरपूर आहे. पखालीतून पाणी वाहणारा भिस्ती तिथे चार-पाच स्पेलिंगांनी हजर आहे, कारण गोऱ्या साहेबांनी ज्याने जसे ऐकले तसे लिहिले. पेशवा आहे. 'मंगूस' हा तर मराठी मुंगूसच. स्पेलिंगच्या शेपटाला 'गूस' चिकटला म्हणून त्याचे हंसाशी काही नाते नाही. साम्राज्याने जिथून जे उचलले, ते कोशात गेले आणि कोशातून पटावर आले. इंग्रजाला रोजच्या बोलण्यात न लागणारे हे शब्दच अडलेला डाव सोडवतात, ही गंमत मला फार आवडते.

दाराबाहेर ठेवलेला अर्थ मात्र अलीकडे खिडकीतून आत शिरला. २०२० मध्ये उत्तर अमेरिकेतल्या खेळाडूंच्या संघटनेने वंश, धर्म, लिंग यांवरून हिणवणारे शब्द स्पर्धेच्या यादीतून काढले. पुढच्या वर्षी, उत्तर अमेरिकेबाहेर या खेळाचे हक्क असलेल्या मॅटेल कंपनीने इतर देशांत चालणाऱ्या यादीतले सुमारे चारशे शब्द गाळले. काही खेळाडू चिडले. त्यांचे म्हणणे, पटावर शब्दाला अर्थ नसतो, फक्त गुण असतात. युक्तिवाद चतुर आहे, पण मला तो पटत नाही. ज्या शब्दाने एखाद्या जमातीला पिढ्यान्‌पिढ्या हिणवले, तो त्याच जमातीतल्या प्रतिस्पर्ध्यासमोर मांडून वर गुण मोजायला सांगणे, याला निव्वळ खेळ म्हणता येत नाही. अर्थ विसरण्याची चैन ज्याला तो शब्द कधी लागला नाही त्यालाच परवडते.

आणि शिवीला पटावर अर्थ असेल, तर 'झो'ला आणि भिस्तीलाही तो आहेच. तेव्हा याद्या जरूर पाठ करा, पण पुढच्या डावात 'ची' लावून अकरा गुण मिळाले, की घरी गेल्यावर कोशाचे ते पान एकदा उघडा.