अपुऱ्या वाक्याचा अर्थ

वाक्य पूर्ण होण्यापूर्वी त्याला अर्थ असतो की नाही, हा प्रश्न आपल्याकडील मीमांसकांनी आणि नैयायिकांनी शतकानुशतके घासूनपुसून पाहिला. परंतु ज्याला दिवसभर अपुरी वाक्येच वाचावयाची आहेत आणि पूर्ण वाक्य ज्याच्या वाट्याला अपवादानेच येते, असा वाचक त्यांच्यापुढे कधी उभा राहिला नव्हता. संगणकावर आज्ञावली लिहिणाऱ्यांच्या तो आता नित्य परिचयाचा झाला आहे. त्याला ते लँग्वेज सर्व्हर म्हणतात.

मायक्रोसॉफ्टने २०१६ साली ह्या सर्व्हरांचा प्रोटोकॉल जाहीर केला, आणि प्रत्येक भाषेसाठी प्रत्येक एडिटरात निराळी तजवीज करण्याची यातायात पुष्कळशी मिटली. एडिटर विचारणा करतो, सर्व्हर खुलासा देतो आणि हा पत्रव्यवहार ठरलेल्या नमुन्यात चालतो. रस्ट भाषेचा रस्ट-अॅनालायझर हा त्यांपैकीच एक: अॅलेक्सी क्लादोव यांनी २०१८ च्या सुमारास आरंभिलेला, मुक्त परवान्याखाली सर्वांस खुला असलेला आणि २०२२ साली रस्टच्या अधिकृत दप्तरी दाखल झालेला. त्याच्या पूर्वीचा सर्व्हर आज्ञावली यंत्राच्या भाषेत उतरविणाऱ्या कंपायलरच्या निर्णयावर विसंबून असे; आणि कंपायलर हा पूर्ण वाक्याचाच न्यायाधीश असल्यामुळे लेखकाचे बोट पुढे जाई आणि उत्तर मागे राही.

लेखकाने एका वस्तूचे नाव लिहून पुढे डॉट दिला आहे आणि कर्सर तेथेच लुकलुकत थांबला आहे, असा क्षण घेऊ. शास्त्राच्या परिभाषेत येथे आकांक्षा, म्हणजे पुढच्या पदाची अपेक्षा, जागी झाली आहे, परंतु ती भागविणारे पद सन्निध नाही. कोणी नुसते ‘दार!’ म्हणाला असता ऐकणारा ‘लाव’ हे पद मनात घालतो, की पदावाचून त्याचा अर्थच घालतो, ह्यावर मीमांसकांतील कुमारिल भट्टांचे आणि प्रभाकरांचे अनुयायी हिरिरीने भांडले; पहिले शब्दाध्याहाराचे कैवारी, दुसरे अर्थाध्याहाराचे. ह्या डॉटपुढे रस्ट-अॅनालायझर जे करतो ते पाहून भाट्टांना संतोष वाटला असता. मूळ मसुद्याला हात न लावता तो त्याची एक नक्कल घेतो, कर्सरच्या जागी एक खोटेच नाव घालतो, वाक्य पुरे झाले असे मानून ते वाचतो, त्या ठिकाणी काय काय शोभेल ह्याची यादी लेखकापुढे ठेवतो आणि नक्कल टाकून देतो. (ह्या खोट्या नावात पूर्वी इंटेलिजे नामक दुसऱ्या एडिटराची थट्टेवारी स्तुती दडविलेली होती; असल्या विनोदाचे मला तरी वावडे नाही.) पण हाच सर्व्हर टाइप, म्हणजे कोणते मूल्य कोणत्या जातीचे हे, ठरवू लागला, की जेथे पद सापडत नाही तेथे कोणतेही पद न घालता केवळ एक रिकामी जागा राखतो, तिचा टाइप अज्ञात म्हणून नोंदवितो आणि त्या अज्ञातापायी उद्भवू शकणाऱ्या पुढच्या तक्रारी शक्यतो दाखल करून घेत नाही. ही सरळसरळ प्राभाकरांची बाजू झाली. एकाच आज्ञावलीत दोन्ही पक्ष सुखाने नांदतात, कारण तिला वाद जिंकावयाचा नसून लेखकाचे काम अडू द्यावयाचे नसते.

योग्यतेविषयी, म्हणजे पदांच्या अर्थांचा एकमेकांशी मेळ बसण्याविषयी, फार लिहावयास नको. ‘विस्तवाने शिंपतो’ हे वाक्य व्याकरणाने निर्दोष असून अर्थाने बाधित आहे. संख्येच्या जागी अक्षरमाला दिली असता सर्व्हर खाली तांबडी रेघ ओढतो, तो ह्याच बाधेमुळे. खरी अडचण आकांक्षा, सन्निधी आणि योग्यता यांच्यापुढच्या चौथ्या अंगाची, म्हणजे तात्पर्याची आहे. ‘सैंधव आण’ म्हटले तर मीठ आणावे की घोडा, हे नैयायिक वक्त्याच्या इच्छेवरून ठरवितात. सर्व्हर मीठही यादीत ठेवतो आणि घोडाही. निवड लेखकाच्या अखत्यारात. मीमांसक म्हणतात की वेदाला वक्ताच नाही, म्हणून तेथे इच्छेचा शोध व्यर्थ. तात्पर्य मजकुराचेच, आणि ते मजकुरातूनच काढावयाचे. कंपायलर हा ह्या अर्थाने पक्का मीमांसक आहे. मजकूर एकदा त्याच्या स्वाधीन झाला की कर्त्याला कोणी विचारीत नाही. तो मजकूर जणू अपौरुषेय होतो.

सर्व्हर मात्र त्याच मजकुरापाशी तो पौरुषेय असतानाच येऊन बसतो. प्रोटोकॉलमध्ये एक कलम आहे, ते मला एखाद्या सूत्राच्या तोलाचे वाटते: एडिटरात फाइल उघडल्याची वर्दी मिळाल्यावर त्या फाइलचे सत्य एडिटरापाशी असते, आणि सर्व्हराने डिस्कवरील प्रत वाचू नये. डिस्कवर जे आहे ते काल म्हटलेले. लेखक ह्या घटकेला जे म्हणू पाहत आहे ते अजून कोठेच दाखल नाही, आणि तरीही तेच प्रमाण. लेखकाने फाइल सेव्ह केली की रस्ट-अॅनालायझर पाठीमागून कंपायलरलाही तपासणीस लावतो, आणि मग कितीतरी दोष प्रथमच उघड होतात. पौरुषेयाची हद्द कोठे संपते हे ज्याला प्रत्यक्ष पाहावयाचे असेल, त्याने ही सेव्हची कळ पाहावी.

नैयायिक विश्वनाथ पंचाननांनी सिद्धान्तमुक्तावलीत पोपटाच्या वाक्याचा प्रश्न घेतला आहे. पोपटाला इच्छा नसूनही त्याचे बोलणे आपल्याला कळते ते कसे? उत्तर असे की तेथे तात्पर्य ईश्वराचे. पण पोपट खोटे बोलत असेल तर ते शिकविणाऱ्याचे. सांप्रतच्या आज्ञावलीला हे उत्तरार्धातले उत्तर चपखल लागते. व्याज मिळवावयाचे असता लेखकाने अधिकाऐवजी उणे लिहिले, तर आकांक्षा पुरी होते, योग्यता अबाधित राहते, सर्व्हर गप्प बसतो आणि कंपायलर मंजुरी देतो. दोष मजकुरात नाही. मजकूर आणि इच्छा यांच्यामधल्या अंतरात आहे. ते अंतर मोजण्यासाठी चाचण्या लिहिल्या, तर त्याही पुन्हा मजकूरच, आणि तोच कंपायलर त्यांनाही कर्त्यास न विचारता वाचणार. मी येथे नैयायिकांकडे झुकतो, कारण ते उणे जेव्हा केव्हा सापडते तेव्हा कोणीतरी ‘मला असे म्हणावयाचे नव्हते’ असे म्हणतोच, आणि त्याचे ते म्हणणे सर्व्हर आणि कंपायलर ह्या दोघांपैकी कोणाच्याही दप्तरात नसते. मीमांसक मात्र सहजासहजी हटणार नाही. तो विचारील की, असे म्हणणारा नोकरी सोडून निघून गेला असता, त्या ओळीत चूक नेमकी कोठे होती?