दोनच दिवस होते

बर्लिनच्या एका स्मारकाच्या ठोकळ्यावरून मारलेल्या उडीच्या त्या व्हिडिओचं नंतर बघू. आधी त्या खुलाशाबद्दल बोलायचं आहे. टीकेचा भडिमार झाल्यावर, जर्मनीत शिकणाऱ्या आपल्या पेडण्याच्या पोराने ज्या चार ओळी लिहून टाकल्या, त्यांत "सगळेच तिथे फोटो काढतात" आहे, "कुणाला दुखावण्याचा हेतू नव्हता" आहे, "कुणी अडवलं नाही" हेही आहे. ही तिन्ही वाक्यं आपण रोज ऐकतो, त्यांच्यावर शाई घालवत नाही. पण सगळ्यात वर, पहिलंच वाक्य आहे: "बर्लिनसाठी आमच्याकडे दोनच दिवस होते." त्या वाक्याने माझं डोकं फिरलं आणि आठवडा झाला तरी ते ताळ्यावर आलेलं नाही.

त्यानेच यादी दिली आहे. दोन दिवसांत चौदा ठिकाणं 'कव्हर' केली. या शब्दावरचा माझा राग या स्तंभाच्या वाचकांना जुना आहे. पुस्तकाला कव्हर घालतात, गादीला घालतात. गाव बघायचं असतं. आणि ही चौदा ठिकाणं कुणी त्याच्या मानेवर बसून करायला लावली नव्हती. वेळ थोडा असला की माणूस निवड करतो. म्हापशाच्या बाजारात खिशात थोडेच पैसे असले तर आपण इसवणाचे दोन काप घेऊन घरी येतो, चौदा प्रकारच्या माशांना बोट लावून परत येत नाही. वेळ कमी असणं हे एक ठिकाण नीट बघण्याचं कारण होऊ शकतं. चौदा ठिकाणं न बघताच उरकण्याचं ते कारण कसं होतं, हे मला कुणी समजावून सांगावं.

आणि वेळ खरोखरच नव्हता का? व्हिडिओ पुन्हा बघा. उडी तीन कोनांतून दिसते: एकदा समोरून, एकदा खालून, एकदा संथ गतीने. म्हणजे ती निदान तीनदा मारली. ठोकळ्यावर चढायचं, मित्राला फोन कसा धरायचा ते सांगायचं, उडी मारायची, खाली येऊन बघायचं, आवडली नाही म्हणून परत चढायचं. याला वीस मिनिटं लागलीच असणार. रात्री त्यावर गाणं बसवायला आणखी वेळ. त्याच जागेच्या कडेला नियमांची पाटी आहे. ठोकळ्यावरून ठोकळ्यावर उड्या मारू नयेत, आरडाओरडा करू नये, दारू पिऊ नये. नेमका उडीचाच नियम लिहिलेला आहे. वाचायला अर्धं मिनिट पुरतं. वीस मिनिटं निघाली, अर्धं मिनिट निघालं नाही. मग वेळेवर कशाला ढकलतोस, बाबा? पाटी वाचावीशी वाटली नाही, एवढं सरळ लिहायचं होतं. मी ते एक वेळ ऐकून घेतलं असतं.

पाट्या वाचण्याबद्दल मी नेहमी लिहितो आणि आजही लिहिणार. ज्या पेडण्यातून हा मुलगा गेला, त्याच पेडण्यातल्या मांद्र्याचे भाऊ दाजी लाड. एकोणिसाव्या शतकात मांद्रे पोर्तुगीजांच्या राज्यात आणि मुंबई इंग्रजांच्या, म्हणजे मांद्र्याच्या पोराला मुंबई हा परदेशच. तिथे एल्फिन्स्टनमध्ये शिकले, ग्रँट मेडिकल कॉलेजमधून १८५१ साली डॉक्टर झाले, दोनदा मुंबईचे शेरीफ झाले. राणीच्या बागेतल्या वस्तुसंग्रहालयाला १९७५ साली त्यांचं नाव दिलं, ते सगळ्यांना ठाऊक असतं. पण या डॉक्टरने दवाखाना सांभाळून अजिंठ्याचे आणि गिरनारचे शिलालेख वाचले, हे कमी लोकांना ठाऊक असतं. झिजलेल्या दगडावरचं अक्षर न् अक्षर लावून त्यांनी वाचलं. तेव्हा पाटी वाचणं हे पेडण्याच्या माणसाला जमत नाही, असं मला कुणी सांगू नये.

ती जागा काय आहे तेही सांगतो, कारण व्हिडिओ पुढे पाठवणाऱ्यांपैकी अनेकांना ते ठाऊक नव्हतं. बर्लिनच्या ब्रांडेनबुर्ग दरवाज्यापासून हाकेच्या अंतरावर काँक्रीटचे २,७११ ठोकळे उभे आहेत. हिटलरच्या राजवटीत मारलेल्या साठ लाख ज्यूंचं हे स्मारक २००५ साली खुलं झालं. कडेचे ठोकळे बाकासारखे बुटके. बसावंसं वाटावं, चढावंसं वाटावं असेच. पण आत शिरलात की जमीन खाली जाते, ठोकळे वर जातात, काही तर पंधरा फुटांचे. रस्त्यावरचा आवाज कमी होतो, बरोबरचा माणूस दोन वळणांत दिसेनासा होतो. खाली तळघरात माहिती केंद्र आहे, प्रवेश फुकट. तिथल्या एका खोलीत मारल्या गेलेल्यांची नावं एकेक करून वाचली जातात, नावासोबत त्या माणसाची थोडक्यात हकिकत. सगळ्यांची नावं अशी वाचायची तर सहा वर्षं, सात महिने आणि सत्तावीस दिवस लागतील. दोनच दिवस होते म्हणणाऱ्याने त्या खोलीत दहा मिनिटं बसायचं होतं. थोडी नावं तरी कानांवर पडली असती. एखादं त्याच्याच वयाच्या विद्यार्थ्याचं असतं.

आता न्यायाची गोष्ट. या स्मारकाचा वास्तुकार पीटर आयझनमन याचं मत माझ्यासारखं नाही. लोक इथे खेळतील, बसून खातील, फोटो काढतील, ते चालायचंच, ही काही देवळासारखी पवित्र भूमी नव्हे, असं तो सांगत आला. उलट २०१७ साली शहाक शापिरा नावाच्या बर्लिनमधल्या ज्यू कलावंताने तिथे काढलेले बारा हसरे, उड्या मारणारे फोटो घेतले आणि त्यांतल्या माणसांच्या मागे छळछावण्यांतल्या प्रेतांची छायाचित्रं लावली. जगभर खळबळ उडाली, फोटोतल्या लोकांनी माफी मागितली आणि काही दिवसांत त्याने ते सगळं काढूनही टाकलं. मला दोघांचंही पटतं, हे कबूल करतो. एखादं लहान मूल तिथे लपाछपी खेळलं तर मी त्याला ओरडणार नाही. माझं भांडण उडीशी नाहीच. आपण कशावरून उडी मारतो आहोत हे ठाऊक नसण्याशी आहे. ठाऊक असून मारली असती तर त्याच्याशी वेगळं भांडलो असतो, पण माणूस म्हणून भांडलो असतो.

ग्रुपवरच्या आपल्या वडीलधाऱ्यांशीही माझं भांडण आहे. "बापाच्या पैशावर पोरं मजा मारतात" म्हणे. जर्मनीला जाणाऱ्या मुलाला आधी बँकेत ११,९०४ युरो अडकवून दाखवावे लागतात, ते त्याला महिन्याला ९९२ या हिशेबाने परत मिळतात. त्यांत खोलीचं भाडं, विमा, जेवण. बापाने ते पैसे कसे उभे केले असतील याची मला कल्पना आहे, काजूची बागायत गहाण टाकलेले लोक माझ्या ओळखीचे आहेत. पण म्हणून पोराने चार भिंतींत बसून पास व्हायचं आणि परत यायचं? मुळीच नाही. रात्रभर बसमध्ये बसून, आठ जणांच्या खोलीत झोपून पोरगा मोठं शहर बघायला गेला, हे मला मनापासून आवडलं. जायलाच हवं होतं. शिकायला पाठवलेल्या मुलाने शहर बघणं हा शिक्षणाचाच भाग आहे, आणि म्हणूनच ते असं उरकलेलं मला सहन होत नाही.

याच बर्लिनला १९२०च्या दशकाच्या अखेरीस इरावती कर्वे गेल्या होत्या. सासऱ्यांची, म्हणजे महर्षी कर्व्यांची, संमती नव्हती. जीवराज मेहतांनी दिलेल्या कर्जावर गेल्या. म्हणजे कर्जाचं ओझं घेऊन परदेशी शिकणं काही आजचं नाही. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर. युरोपीय माणसाच्या कवटीची ठेवण इतर वंशांपेक्षा वेगळी आणि ती त्याच्या श्रेष्ठ बुद्धीची खूण, असं त्यांचं मत, आणि ते मापांनी सिद्ध करायचं काम या मराठी विद्यार्थिनीकडे. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या. डावी बाजू, उजवी बाजू, एकेक. आणि प्राध्यापकांना आपल्या प्रबंधात लिहून दिलं की यात वंशाचा काही संबंध दिसत नाही. परक्या देशात, उसन्या पैशांवर, पदवी ज्याच्या हातात त्याच माणसाला. हेच फिशर १९३३ साली, हिटलर सत्तेवर आल्यावर, बर्लिन विद्यापीठाचे प्रमुख झाले. ज्या विचाराला त्या मुलीने फूटपट्टी लावून नाही म्हटलं, त्याच विचाराने पुढे साठ लाख माणसं मारली. ते २,७११ ठोकळे त्यांचे आहेत.

आणि आपलं १८ जून? त्याचंही नातं बर्लिनशीच आहे. मडगावला १९४६ साली लोहियांनी सभा घेतली, अटक झाली, तो दिवस आपण दर वर्षी पाळतो, भाषणं करतो. लोहिया गोव्यात आले होते ते असोळण्याला, मित्राच्या घरी, विश्रांतीला. तो मित्र म्हणजे डॉ. ज्युलियांव मिनेझिस, आणि दोघांची मैत्री झाली ती बर्लिनमध्ये, विद्यार्थी असताना. एक वैद्यकी शिकत होता, दुसरा मिठावरच्या करावर प्रबंध लिहीत होता. त्याच काळात, १९३० साली, लोहिया जिनिव्हा गाठून राष्ट्रसंघाच्या प्रेक्षक सज्जात जाऊन बसले, आणि भारताच्या नावाने बिकानेरचे महाराज बोलायला उभे राहिले तेव्हा वरून शिट्टी घातली. मोठ्या शहरात गेलेल्या विद्यार्थ्याने गप्प राहावं, असं माझं म्हणणं नाही. लोहियांनीही नियम मोडलाच. पण आपण कुठे बसलोय आणि समोर कोण बोलतंय, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं.

"दोनच दिवस" मला इतकं झोंबण्याचं एक कारण आपल्या डिचोलीतच आहे. हरवळ्याच्या धबधब्याला लागून रुद्रेश्वराचं देऊळ. गेलेल्या माणसाची क्रिया करायला आपण तिथे जातो. गेल्या पावसाळ्यानंतर माझ्या थोरल्या वहिनीच्या क्रियेला आम्ही गेलो होतो. पुतण्या उघड्या अंगाने बसलेला, समोर पिंड, भटजी मंत्र सांगत होते. आणि पाण्याच्या बाजूला पाच तरुण, दगडावर ठेवलेला स्पीकर, त्यावर ठेका. पुतण्याला भटजींचा शब्द ऐकू येईना, तो दर वेळी मान पुढे करून पुन्हा विचारी. मी उठून गेलो, हात जोडून आवाज कमी करायला सांगितलं. त्यांच्यातला एक जण नम्रपणे म्हणाला, "अंकल, गोवा में दो ही दिन हैं।" आवाज केला त्यांनी कमी, खोटं सांगणार नाही. पण ते वाक्य मी घरी घेऊन आलो. मोरजीच्या किनाऱ्यावर गाड्या घालणाऱ्यांच्या तोंडीही तेच असतं. जिथे कासवीण अंडी घालते, आणि वाळूत पुरलेल्या त्या अंड्यांतून पिल्लं यायला दीड-दोन महिने लागतात, तिथे दोन दिवसांचा पाहुणा चाक फिरवून जातो. तेव्हा आपण सगळे खवळतो. पेडण्यातल्या मोपावर विमान उतरलं की आता हे आपल्या दारातच येणार, म्हणून हळहळतो. आणि त्याच विमानतळावरून आपला पोरगा जातो तो हेच वाक्य बरोबर घेऊन जातो.

ते त्याला कुणी दिलं, याचा विचार करत मी या आठवड्यात बसलो होतो. मी शिक्षक होतो. वर्षानुवर्षं सहली नेल्या. पहाटे बस सुटायची, जुनं गोवं, मंगेशी, म्हार्दोळ, पणजी, संध्याकाळी मिरामार, आणि काळोख पडता घरी. एका वर्षी जुन्या गोव्याच्या पुरातत्त्व संग्रहालयात सातवीतली एक मुलगी मागे राहिली. तिथे कदंब काळातले वीरगळ आहेत, त्यांतल्या एकावर समुद्रातली लढाई कोरली आहे: होड्या, वल्ही, शस्त्रं घेतलेली माणसं. ती दगडाच्या अगदी जवळ तोंड नेऊन उभी होती. मला म्हणाली, "सर, होडीतला हा माणूस मेला का? त्याचं नाव लिहिलंय का कुठे?" बाहेर बसचा हॉर्न वाजत होता, मंगेशीला जेवण सांगून ठेवलं होतं. मी म्हणालो, "चल गो, वेळ नाही."

ती खाली बघत बसकडे गेली. तिच्या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हा ठाऊक नव्हतं, आणि नंतर इतकी वर्षं जुन्या गोव्यावरून शेकडो वेळा गेलो तरी मी ते बघायला आत गेलो नाही. संग्रहालय शुक्रवारी बंद असतं. या शनिवारी मी सकाळच्या बसने जाणार आहे, दुसरं काहीच ठरवलेलं नाही. त्या मुलाच्या वडिलांनाही बरोबर येता का म्हणून विचारलंय.