‘सर्व्हिस’, ‘सेवा’ आणि ‘सेविका’: एका अनेकार्थतेची नैतिक बाजू

इंग्रजीतील सर्वांत साधे शब्द बहुधा सर्वांत अधिक अर्थ वागवीत असतात. ‘सर्व्हिस’ हा असाच एक शब्द. चर्चमधील उपासना, टेनिसच्या खेळातील चेंडूची पहिली फेक, चहाच्या कपबश्यांचा संच, मोटारीची देखभाल, सैन्यात घालवलेला काळ, शासनाचे पगारी अधिकारीमंडळ आणि एकाने दुसऱ्यासाठी निरपेक्षपणे केलेले काम, एवढी परस्परांपासून दूरची अर्थक्षेत्रे तो सहज व्यापतो. शब्दकोशात या अर्थांना क्रमांक देता येतात, आणि कोशकाराचे काम तेथे संपते. परंतु असा शब्द दुसऱ्या भाषेत उतरतो तेव्हा त्याच्या अर्थांची नव्याने वाटणी होते. या वाटणीत कोणाच्या पदरी काय पडते, हा प्रश्न भाषाशास्त्राइतकाच नीतिशास्त्राचाही आहे.

बुलढाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यातील हिवरा आश्रम हे गाव या प्रश्नाच्या विचाराला सोयीचे आहे. शुकदास महाराजांनी उभारलेल्या विवेकानंद आश्रमामुळे ते ओळखले जाते. विवेकानंद जयंतीच्या उत्सवात तेथे शेतात पंगती बसतात, ट्रॅक्टरांतून पुऱ्या आणि वांग्याची भाजी येते आणि लाखावर माणसांना हजारो स्वयंसेवक वाढतात. त्याच आश्रमाच्या परिसरात शाळा आहेत, महाविद्यालय आहे, रुग्णालय आहे. म्हणजे भाकरी, विद्या आणि औषध या तिन्ही गोष्टी ‘सेवा’ या एकाच शब्दाखाली येतात. पण अनुदानित शाळेतील शिक्षकाचे ‘सेवापुस्तक’ असते, तो ‘सेवाज्येष्ठता’ यादीत असतो, आणि १९७७ चा खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांविषयीचा अधिनियम त्याच्या ‘सेवेच्या शर्ती’ ठरवतो. पंगतीत पुरी वाढणाऱ्याला मात्र ना पुस्तक असते, ना ज्येष्ठता, ना शर्ती.

या दोन गोष्टींत लोकांचा कधी गोंधळ होत नाही. वऱ्हाडातला माणूस नोकरी लागलेल्या मुलाविषयी ‘सर्व्हिसले लागला’ असे म्हणतो आणि उत्सवात राबायला गेलेल्या मुलाविषयी ‘सेवेले गेला’ असे. गाडी दुरुस्तीला टाकली तर तिसरेच रूप पुढे येते, ‘सर्व्हिसिंग’. इंग्रजी शब्द उसना घेऊन बोलीने एक बारीक काम केले आहे. पगार, बढती, बदली आणि निवृत्ती असलेले काम परक्या शब्दाकडे सोपवून तिने घरचा शब्द निर्मोही कामासाठी राखून ठेवला आहे. शुद्ध मराठीच्या आग्रहापोटी ‘सर्व्हिस’ हा शब्द हास्यास्पद मानणाऱ्यांनी या विवेकाची दखल क्वचितच घेतली.

अनेकार्थी शब्दाचा अर्थ कसा निश्चित होतो, याची चर्चा भारतीय परंपरेत फार जुनी आहे. भर्तृहरीने ‘वाक्यपदीया’च्या दुसऱ्या कांडात संयोग, विप्रयोग, साहचर्य, विरोध, प्रकरण अशा अर्थनियामकांची यादी दिली आहे. जेवणाच्या ताटावर बसलेल्याने सैंधव मागितले तर मीठ आणावे, प्रवासाला निघालेल्याने मागितले तर घोडा, हे शास्त्रकारांचे ठरलेले उदाहरण. मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त ही यादी स्वीकारली आणि तिला एक महत्त्वाची पुस्ती जोडली: प्रकरणाने अभिधा एका अर्थापुरती बांधून टाकल्यावरही दुसरा अर्थ शब्दात घुमत राहू शकतो, आणि तो व्यंजनेने प्रतीत होतो. या अभिधामूला व्यंजनेचा विचार आपल्याकडे काव्यापुरता झाला. शासननिर्णय, नेमणुकीचे आदेश, पदनामे यांनाही ती लागू पडते, हे आपल्या समीक्षेने फारसे मनावर घेतलेले नाही.

इंग्रजीकडून विल्यम एम्पसन याच प्रश्नाकडे वेगळ्या वाटेने आला. ‘द स्ट्रक्चर ऑफ कॉम्प्लेक्स वर्ड्स’ (१९५१) या ग्रंथात त्याने ‘ऑनेस्ट’, ‘सेन्स’, ‘विट’, ‘फूल’ अशा साध्या शब्दांचीच निवड केली आणि एकाच शब्दातील दोन अर्थ परस्परांशी समीकरण मांडतात, असे दाखवले. बोलणारा एक अर्थ उच्चारतो, दुसरा त्याच्या आडून विधान करून जातो, आणि ऐकणारा ते विधान तपासून न पाहताच स्वीकारतो. त्याने केलेले ‘ऑथेल्लो’तील ‘ऑनेस्ट’चे विवेचन या दृष्टीने आजही वाचण्यासारखे आहे. मम्मट आणि एम्पसन यांना सरसकट एकत्र बांधणे योग्य होणार नाही. पहिला रसाच्या शोधात आहे, दुसरा शब्दातून चोरपावलांनी येणाऱ्या मतप्रणालीच्या. तरी शब्दाचा जो अर्थ उच्चारला जात नाही तोही काम करीत असतो, हे दोघांनाही मान्य आहे.

‘सर्व्हिस’च्या मुळाशी लॅटिनमधील ‘सेर्वुस’, म्हणजे गुलाम, आहे. परंतु टेनिस खेळणाऱ्याला किंवा सनदी अधिकाऱ्याला त्याची आठवण होत नाही. इंग्रजीत ते मूळ निद्रिस्त झाले आहे. ‘सेवा’ या शब्दाचा भूतकाळ असा झोपलेला नाही. ‘मनुस्मृती’च्या चौथ्या अध्यायात ब्राह्मणाने सेवा टाळावी, कारण ती कुत्र्याची वृत्ती होय, असे सांगितले आहे, आणि पहिल्या अध्यायात शूद्राला वरच्या तीन वर्णांची शुश्रूषा, तीही असूया न बाळगता, हे एकमेव कर्म नेमून दिले आहे. (‘शुश्रूषा’ची व्युत्पत्ती ‘ऐकण्याची इच्छा’ अशी आहे. आज्ञा ऐकण्याची तयारी ते रुग्णाची काळजी असा त्या शब्दाचा प्रवास स्वतंत्र लेखाचा विषय ठरावा.) जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये या स्थितीवर पुस्तक लिहिले तेव्हा त्याचे नाव ‘गुलामगिरी’ ठेवले. सौम्य शब्द उपलब्ध असताना तो नाकारण्यात एक निर्णय होता.

या कलंकित शब्दाला प्रतिष्ठा मिळाली ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. विवेकानंदांनी १८९७ मध्ये रामकृष्ण मिशनची स्थापना केली आणि जीव हाच शिव मानून त्याची सेवा करण्याचा विचार मांडला. त्यांचे बरेचसे विवेचन इंग्रजीत आहे. नागपूरच्या रामकृष्ण मठाने प्रसिद्ध केलेल्या मराठी ग्रंथावलीतून ते मराठी वाचकापर्यंत आले. या विचारातील खरी क्रांती देणाऱ्याघेणाऱ्याच्या नात्यात आहे. येथे उपकृत होतो तो देणारा. घेणाऱ्याने त्याला संधी दिली म्हणून त्याने कृतज्ञ राहायचे. हिवरा आश्रमाच्या पंगतीत वाढणारा माणूस मोबदला मागत नाही याचे कारण त्याला तो मिळत नाही हे नव्हे. त्या व्यवहाराच्या तर्कात मोबदल्याला जागाच नाही. पुढे गोखल्यांनी १९०५ मध्ये पुण्यात ‘सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटी’ स्थापन केली, १९०९ मध्ये पुण्याचे सेवासदन उभे राहिले. सुशिक्षित, उच्चवर्णीय माणसांनी स्वतःहून ‘सेवक’ म्हणवून घेण्यात एक उदात्तता होती, हे नाकारता येणार नाही.

परंतु ही उदात्तता निवडीतून येते, आणि निवड करण्यासाठी आधी काहीतरी हाताशी असावे लागते. रेमंड विल्यम्सने ‘कल्चर अँड सोसायटी’च्या (१९५८) समारोपात ‘सर्व्हिस’ या कल्पनेवर याच अंगाने बोट ठेवले आहे. ज्यांना वरची जागा आधीच मिळालेली असते त्यांना ‘सर्व्हिस’ हा आदर्श वाटू शकतो. कामगारवर्गाने घडवलेला आदर्श ‘सॉलिडॅरिटी’चा, परस्परांच्या पाठीशी उभे राहण्याचा आहे, आणि पहिली कल्पना दुसरीची जागा घेऊ शकत नाही, असे त्याचे म्हणणे. विल्यम्सच्या मांडणीत इंग्लंडचा वर्गसंघर्ष आहे, जात नाही. आपल्याकडे ज्यांना हा शब्द शतकानुशतके चिकटवला गेला आणि ज्यांनी तो आवडीने धारण केला, ते दोन वेगळे समाजगट होते, ही भर घालूनच ती वाचावी लागते.

स्वातंत्र्योत्तर राजभाषेने या शब्दाचे काय केले ते पाहता अर्थांची वाटणी उघड होते. ‘सर्व्हिस’ला सर्वत्र ‘सेवा’ हा पर्याय आला: भारतीय प्रशासकीय सेवा, लोकसेवा आयोग, सेवानिवृत्ती. एकेकाळी ‘चाकरी’ किंवा ‘नोकरी’ म्हणून निभावलेला हा अर्थ होता. नव्या शब्दाने पगारी नोकरीला एक तेजोवलय दिले. दुसऱ्या बाजूला ‘वर्कर’ या तितक्याच सामान्य आणि तितक्याच अनेकार्थी इंग्रजी शब्दाचे तुकडे झाले. कारखान्यातला वर्कर ‘कामगार’ झाला, पक्षातला ‘कार्यकर्ता’. पण १९५२ च्या समुदाय विकास कार्यक्रमातील खेड्यातला वर्कर ‘ग्रामसेवक’ झाला, आणि १९७५ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेतील ‘अंगणवाडी वर्कर’ ही ‘अंगणवाडी सेविका’. मूळ इंग्रजी पदनामात सेवेचा मागमूस नव्हता. तो अनुवादाने आणला.

यातून एक विलक्षण व्याकरण तयार झाले. जे ‘सेवे’त असतात त्यांना कोणी सेवक म्हणत नाही, ते अधिकारी असतात. आणि ज्यांना सेविका म्हटले जाते त्या ‘सेवे’त नसतात. अंगणवाडी सेविका नागरी पद धारण करीत नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये दिला. ग्रामसेवक हा या नियमाला अपवाद. तो नियमित कर्मचारी राहिला. परंतु महाराष्ट्रातील ‘शिक्षणसेवक’ योजना नियम किती घट्ट आहे ते दाखवते. २००० मध्ये सुरू झालेल्या या योजनेत प्राथमिक शाळेतील नवा शिक्षक दरमहा ३,००० रुपये मानधनावर तीन वर्षे ‘सेवक’ राहायचा. २०२३ मध्ये हे मानधन १६,००० झाले. तीन वर्षे पूर्ण झाली की ‘सेवक’ हे नाव गळून पडते आणि तो नियमित सेवेत येतो. सेवक असणे ही येथे सेवेबाहेर थांबण्याची मुदत आहे.

‘मानधन’ हा शब्दही याच कुळातला. भारवीच्या ‘किरातार्जुनीया’त तो बहुव्रीही आहे, मान हेच ज्यांचे धन असे योद्धे. आजच्या शासननिर्णयात तो पगारापेक्षा कमी रकमेचे नाव आहे, पण जुना समास पूर्णपणे मेलेला नाही. जिला मान मिळतो तिने धनाविषयी फार बोलू नये, ही सूचना तो देतच राहतो. मम्मटाची व्यंजना येथे अर्थसंकल्पाच्या कामी येते. ‘सेविका’ या पदनामाची अभिधा नेमणुकीच्या आदेशाने एका कामापुरती बांधलेली असते: बालकांचे वजन, पोषण आहार, नोंदवह्या, लसीकरणाच्या दिवसाची बोलावणी. घुमत राहतो तो आश्रमातला अर्थ, की हे काम मागण्याचे नाही. एम्पसनच्या भाषेत, ‘सेवा म्हणजे नोकरी’ या समीकरणाआडून ‘नोकरी म्हणजे त्याग’ हे दुसरे समीकरण मान्य करून घेतले जाते, आणि तेही फक्त एका स्तरावरच्या माणसांकडून.

हा आरोप शब्दावर फार भार टाकतो, असे म्हणता येईल, आणि त्यात तथ्य आहे. बुलढाण्याच्या उत्तरेला सातपुडा ओलांडला की मध्य प्रदेशात तीच स्त्री हिंदीत ‘कार्यकर्ता’ म्हणून ओळखली जाते, आणि तेवढ्याने तिला वेतनश्रेणी मिळालेली नाही. तुटपुंजा मोबदला हा केंद्र आणि राज्य यांच्या धोरणाचा परिणाम आहे, अनुवादकाच्या लेखणीचा नव्हे. शब्द अन्यायाला जन्म देत नाही. तो त्याला सभ्य करतो. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. कित्येक स्त्रियांना हे नाव खरोखरच सन्मानाचे वाटत असेल, आणि मुलांविषयीची त्यांची माया पगारात मोजता येणारी नसेल. तसे असेलही. पण त्या मायेला सेवा म्हणण्याचा अधिकार तिचा आहे. मालकाने, येथे राज्यसंस्थेने, तिच्या वतीने तो वापरला की घेणारा स्वतःच देणाऱ्याला त्यागाची आठवण करून देऊ लागतो, आणि विवेकानंदांनी उलटवलेले नाते पुन्हा मूळ जागी येते.

हिवरा आश्रमाच्या पंगतीत वाढणारा स्वयंसेवक स्वतःहून आलेला असतो, त्याला हवे तेव्हा निघून जाता येते, आणि पंगतीत बसलेल्या कोणाचाही त्याच्यावर हुकूम चालत नाही. सेवा या शब्दाचा तेथील वापर प्रामाणिक आहे तो या तीन गोष्टींमुळे. अंगणवाडीच्या बाबतीत यांतील दुसरी गोष्ट किती खरी आहे, याची परीक्षा २०१८ च्या मार्च महिन्यात झाली. महाराष्ट्र शासनाने या स्त्रियांना अत्यावश्यक सेवा परिरक्षण अधिनियम, म्हणजे मेस्मा, लागू केला. विधिमंडळात विरोध झाल्यावर काही दिवसांतच त्याला स्थगिती द्यावी लागली. ज्यांचे काम नागरी सेवा ठरत नव्हते तेच काम, त्या ते थांबवू शकतील या शक्यतेपुरते, ‘अत्यावश्यक सेवा’ ठरले होते. भर्तृहरीच्या यादीत ‘प्रकरण’ हा अर्थनियामक आहे. ते प्रकरण कोण ठरवतो, हा प्रश्न त्याला पडला नव्हता.

उलट दिशेची घटना २०२२ मधली. अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांना १९७२ च्या ग्रॅच्युइटी अधिनियमाचा लाभ मिळाला पाहिजे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने दिला, आणि तो देताना त्यांचे मानधन हे त्या अधिनियमातील ‘वेजेस’च्या व्याख्येत बसते, असे मानले. साहित्यसमीक्षेने करायचे काम येथे न्यायालयाने केले: शब्दाचे सोवळे बाजूला सारून तो कोणत्या व्यवहाराचे नाव आहे हे पाहिले. २०२४ मध्ये महाराष्ट्रात ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही पदे एकत्र करून ‘ग्रामपंचायत अधिकारी’ हे पदनाम आले, आणि अशा रीतीने ‘सेवक’ हे नाव, बहात्तर वर्षांनी, एका पदावरून तरी उतरले. अंगणवाडीतील पद अजून सेविकेचेच आहे. मात्र त्यांच्या संघटनांच्या नावांत हा शब्द सहसा सापडत नाही. २०२३ च्या डिसेंबरात सुरू झालेल्या आणि पुढच्या जानेवारीपर्यंत चाललेल्या संपाच्या वेळीही कृती समितीच्या नावात होता तो शब्द ‘कर्मचारी’.