तारांचा सूर, श्वासाचा सूर

एका वाद्यमेळासाठी रचलेली कृती दुसऱ्याच वाद्यांवर उतरविली, तर मूळ रचनेशी इमान राखले असे म्हणता येईल काय? इंग्रज संगीतकार एडवर्ड एल्गार यांच्या ‘एनिग्मा व्हेरिएशन्स’ (१८९९) मधील ‘निमरॉड’ हा नववा भाग हा प्रश्न आपल्यापुढे ठेवतो. निराशेच्या काळात धीर देणाऱ्या ऑगस्ट येगर या जर्मनीत जन्मलेल्या मित्राचे हे स्वरचित्र. त्याचा आरंभ केवळ तंतुवाद्यांवर, अत्यंत हळुवारपणे होतो.

लंडनच्या सेनोटाफ या युद्धस्मारकापाशी मात्र, नोव्हेंबरातील स्मरण-रविवारी, तेच संगीत लष्करी बँड उघड्या रस्त्यावर उभा राहून वाजवितो. तेथे व्हायोलिने नसतात. तारांचा तो नाजूक कंप हरपतो, हे आम्ही नाकारीत नाही. गज फिरवून सूर हवा तितका लांबविता येतो. फुंकणाऱ्याचा श्वास मात्र सरतो. म्हणून दीर्घ सुरात वादक एकाच वेळी श्वास घेत नाहीत. एक थांबला की शेजारचा सूर धरून ठेवतो.

आमच्या मते इमान म्हणजे हुबेहूब नक्कल नव्हे. कृतीचा आशय आपल्या मर्यादांसह सांभाळणे होय. जर्मनीशी लढताना पडलेल्यांच्या स्मरणसोहळ्यात एका जर्मन मित्राविषयीची कृतज्ञता निनादते, ती या रूपांतरामुळेच रस्त्यावरच्या जमावापर्यंत पोहोचते. वारसाही असाच जपावा: ज्याचा श्वास सरला त्याने निःसंकोच थांबावे, आणि शेजाऱ्याने सूर तुटू देऊ नये.