कलेची पारख: दासबोधातील कसोट्या

कलेचे मूल्य एकाच मापाने ठरवता येते का? जालना जिल्ह्यातील जांब येथे 1608 साली जन्मलेल्या समर्थ रामदासांच्या दासबोधात प्रत्येक कलेची कसोटी वेगळी आहे. या ग्रंथाच्या एकोणिसाव्या दशकात, म्हणजे विभागात, अक्षरलेखनाची परीक्षा डोळ्यांनी होते: अक्षर वाटोळे, सुटे असावे आणि ग्रंथाच्या आरंभापासून शेवटपर्यंत एकसारखे राहावे. तारुण्यात फार बारीक लिहिलेले म्हातारपणी वाचता येत नाही, हेही तिथे बजावलेले आहे. चौदाव्या दशकात कवित्वाचे धीट, पाठ आणि प्रासादिक असे तीन प्रकार येतात. मनात येईल ते रचणारा धीट. पुष्कळ ग्रंथ पाठ करून तसेच रचणारा दुसरा. प्रासादिकाची पारख मात्र सर्वांत अवघड, कारण तिथे कारागिरीबरोबर कवीची भक्ती आणि विरक्तीही पाहिली जाते.